सम आणि विषम

आमच्या घराण्यांत आजोबांच्या वेळीं वांटणी झाली तेव्हां भांडीं, शेत आणि विहिरीची पाळी यांचा निकाल एका दिवसांत लागला. अडलें तें पोथ्यांपाशीं. शेवटीं अमरकोशाचीं दोन कांडें आमच्याकडे राहिलीं आणि तिसरें धाकट्या घरीं गेलें. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाची हकीकत वाचतांना आम्हांस या वांटणीचें स्मरण झालें.

बेल्जियमचें राज्य १८३० सालीं हॉलंडपासून फुटून निघालें. उत्तरेस डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेस फ्रेंच बोलणारे वालून. संख्येनें फ्लेमिश अधिक. परंतु कचेरी, न्यायासन व उच्च शिक्षण यांची भाषा फ्रेंच. कायद्यांच्या भाषेंत डचला समान मान मिळण्यास १८९८ साल उजाडलें, आणि डचमधून शिकविणारें पहिलें विद्यापीठ, गेंटचें, १९३० सालीं झालें. म्हणजे राज्याच्या जन्मानंतर शंभर वर्षांनीं!

लूव्हेनचें विद्यापीठ १४२५ सालचें. त्याचें ग्रंथालय १९१४ सालीं जर्मन सैन्यानें जाळलें आणि १९४० च्या हल्ल्यांत तें पुन्हां जळालें. दोन्ही वेळां तें नव्यानें उभें राहिलें. पण शत्रूस जें साधलें नाहीं तें भावांनीं केलें. गांव फ्लेमिश, तेव्हां फ्रेंच शाखेनें येथून निघावें, अशी मागणी पेटली. १९६८ सालीं तीपायीं मंत्रिमंडळ कोसळलें. पिढ्यान्‌पिढ्या तेथें शिकविणाऱ्या फ्रेंच-भाषी अध्यापकांचें दुःखही खरेंच होतें. त्यांच्यासाठीं दक्षिणेस नवें नगर वसविण्यांत आलें, आणि ग्रंथांची वांटणी झाली ती अशी : सम क्रमांकाचे एकीकडे, विषम क्रमांकाचे दुसरीकडे.

यावरून प्रांताभिमान हा राष्ट्रनिष्ठेचा वैरीच, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण तिरोल हा जर्मन-भाषी प्रांत इटलीच्या पदरीं पडला. मुसोलिनीच्या सरकारनें तेथील जर्मन शाळा बंद केल्या. तेव्हां शिक्षक घराघरांतून चोरून मुलांना अक्षरें गिरवावयास लावीत. जुलुमानें निष्ठा उपजली नाहीं. १९६० च्या सुमारास बाँबचे स्फोट मात्र झाले. पुढें १९७२ सालीं विस्तृत स्वायत्तता मिळाली, आणि १९९२ सालीं ऑस्ट्रियानेंही हा तंटा मिटल्याचें मान्य केलें. तेथील मुलें आज जर्मनमधून शिकतात आणि इटलीचे नागरिक म्हणून नांदतात.

बेल्जियमही मोडलें नाहीं. १९९३ सालीं तें संघराज्य झालें. मात्र २०१०-११ मध्यें नवें मंत्रिमंडळ जुळविण्यास ५४१ दिवस लागले! एकाची भाषा शंभर वर्षें ओसरीवर बसविली, तर माजघरांत बोलावल्यावरही त्याचा राग लगेच ओसरत नाहीं.

आमचीं दोन कांडें अद्याप कपाटांत आहेत. तिसरें कोठें गेलें, हें आतां दोन्ही घरांत कोणासच ठाऊक नाहीं.