टाकी कधी धुतली होती?

कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलो, की तांब्यातले पाणी कुठले, असे आपण विचारत नाही. विचारणे म्हणजे यजमानाचा अपमान. आम्हा खानदेशी माणसांत तर भरीत-भाकरी पुढे आली, की तिला नावे ठेवायची नाहीत, हे बाळकडूच. संस्कार चांगला आहे, वाद नाही. पण हाच संस्कार आपण हॉटेलातही सोबत नेतो आणि तिथे तो घातक ठरतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हॉटेलवाला यजमान नव्हे. तो पैसे घेतो, आपण देतो. तिथे विचारणे हा व्यवहार आहे, उद्धटपणा नाही.

हे मत का झाले, ते सांगतो.

जामनेरचे मे महिन्यातले ऊन वाचकांना ठाऊक असेलच. नातवंडांनी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून गेल्या उन्हाळ्यात चिरंजीवांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर तीन दिवसांसाठी खोल्या घेतल्या. आम्ही सहा जण. पहिला दिवस फार आनंदात गेला. मुले पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. दुसऱ्या रात्री आठ वर्षांच्या नातीला उलट्या सुरू झाल्या, पहाटे जुलाब. सकाळपर्यंत सूनबाई आणि धाकटा नातूही आडवे. सौ.नी रात्रभर नातीला चमच्याचमच्याने साखर-मीठ-पाणी पाजले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रमाण प्रत्येकाने पाठ करून ठेवावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मिश्रणावर हजारो कॉलऱ्याचे रुग्ण तगवले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. अशा माणसाला पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर! असो.

सकाळी नातीला तालुक्याच्या गावी नेऊन सलाइन लावावे लागले. डॉक्टर म्हणाले, बहुधा पाण्यातून किंवा अन्नातून झाले असावे, सुट्टीत असे रुग्ण येतातच. हॉटेलचे मॅनेजर मात्र म्हणाले, "आजोबा, तुम्ही घाटावरचे लोक, तुम्हाला मासे सोसत नाहीत." आम्ही माळकरी. मासा आमच्या ताटात आलाच नव्हता.

दुपारी मी हॉटेलच्या मागे एक चक्कर मारली. पाण्याच्या टाकीला झाकण नव्हते. विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर संडासाची टाकी. स्वयंपाकघरात हात धुण्याच्या जागी साबण नाही. "टाकी कधी धुतली होती?" असे मी विचारले. कुणालाच सांगता आले नाही.

किनाऱ्यावर ही गोष्ट जास्त जपायला हवी. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण बराचसा समुद्राला मिळतो आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. नेमकी तेव्हाच सुट्टीची गर्दी. मग टँकर येतो; त्याचे पाणी कुठून भरले, कोण बघतो? जमीन जांभ्याची नाहीतर वाळूची. दोन्हींतून पाणी भराभर झिरपते आणि शोषखड्ड्यातली घाण शेजारच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. पाणी दिसायला नितळ असते, म्हणून कुणाला शंका येत नाही.

पण मला खरा त्रास झाला तो निघताना. मालकांनी बिल निम्मे केले. गोड बोलून म्हणाले, "लेखी तक्रार वगैरे कशाला, आपण समजुतीने मिटवू." चिरंजीव खूश. "आबा, सुटलो आपण, चला आता." तेवढ्यात दारात एक गाडी थांबली. पुण्याकडचे कुटुंब, कडेवर वर्षाचे मूल. मी त्या गृहस्थांना बाजूला घेऊन एवढेच सांगितले, की बाळाचे पाणी उकळून घ्या. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले.

बिलातली ती सूट कशाची होती? आमच्या गप्प बसण्याची किंमत होती ती. ती आम्हाला मिळाली आणि तिचा भार पुढच्या खोलीकरूंवर पडणार. नुकसानभरपाई घ्यावी, जरूर घ्यावी, पण गप्प बसण्याच्या अटीवर नव्हे.

कोणी म्हणेल, गरीब बिचाऱ्या कोकणी माणसाच्या पोटावर का पाय देता? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या बागा झोपवल्या. कित्येकांच्या घरी पर्यटकांच्या दोन खोल्यांचाच आधार उरला. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण कायदा लगेच कुणाला फासावर देत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्यात आधी सुधारणेची नोटीस देण्याची तरतूद आहे. सुधारले तर प्रश्न मिटला. अस्वच्छ जागी अन्न शिजवल्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियमांत पाण्याच्या टाक्या ठरावीक काळाने धुवून त्याची नोंद ठेवणे आहे, अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आहे. म्हणजे मी विचारलेला प्रश्न म्हाताऱ्याची किरकिर नव्हती.

आणि हे आजचेच नाही. इंग्रजांच्या १८६७ च्या सराई कायद्यातही सराईवाल्याने खोल्या, गटारे, विहिरी स्वच्छ ठेवाव्यात आणि साथीचा आजार आढळल्यास कळवावे, असे लिहिलेले होते. दीडशे वर्षांपूर्वी बैलगाडीने येणाऱ्या वाटसरूसाठी जे आवश्यक वाटले, ते आज मोटारीने येणाऱ्याला मागायची लाज का वाटावी?

घरी आल्यावर मी अन्न व औषध प्रशासनाला पत्र लिहिले. बिलाची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चिरंजीवांच्या मोबाइलमधला टाकीचा फोटो सोबत जोडला. पोचपावती आली आहे. चिरंजीव अजून थोडे नाराज आहेत, चालायचेच.

वाचकांना माझी विनंती एवढीच. खोली ठरवताना समुद्र दिसतो का, हे विचाराच. पण पाणी कुठले आणि टाकी कधी धुतली, हेही विचारा. बिलावर १४ आकडी परवाना क्रमांक आहे का, ते पाहा. १ जानेवारी २०२२ पासून तो छापणे बंधनकारक आहे. आजारी पडलात तर कागद जपून ठेवा. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवा. आमच्या शाळेत टाकी धुतली, की शिपाई तिच्यावर खडूने तारीख लिहीत असे. त्याला कायद्याचे कलम ठाऊक नव्हते. आपल्या टाकीचे पाणी तीनशे पोरे पितात, एवढे मात्र पक्के ठाऊक होते.