आर्कियातील प्रतिलेखन आणि ‘उसनवारी’चा आक्षेप

आर्किया या सूक्ष्मजीवांत जनुकाचे प्रतिलेखन सुरू करणारी यंत्रणा जिवाणूंसारखी नाही. जिवाणूत सिग्मा घटक आरएनए पॉलिमरेजला प्रवर्तकापर्यंत, म्हणजे जनुकाच्या आरंभीच्या डीएनए-खुणेपर्यंत, नेतो. आर्कियात टीबीपी हे प्रथिन प्रवर्तकातल्या टाटा पेटीवर बसते, टीएफबी त्याला पक्के करते आणि मगच पॉलिमरेज येते. माणसाच्या पेशीतली यंत्रणा याच घडणीची, पसारा तेवढा मोठा. नियंत्रक प्रथिने मात्र बहुतांशी जिवाणूंच्या वळणाची.

एवढ्यावरून एक मत ठोकून दिले जाते: सगळीच उसनवारी, आणि जिवाणू आणि केंद्रकी पेशी या दोन्ही सावकारांचा अभ्यास झालेला, मग ई. कोलाय आणि यीस्ट हाताशी असताना उकळत्या झऱ्यांतले आर्किया वाढवण्याचा खटाटोप कशाला?

या मताने मुख्य प्रश्नच गिळला आहे. जिवाणूंतले नियंत्रक अनेकदा सिग्माला हाताशी धरतात. आर्कियात सिग्मा नाहीच. मग त्याच वळणाची प्रथिने इथे धरतात कोणाला? सल्फोलोबसमधले एलआरएस-14 प्रवर्तकावरच ठाण मांडते आणि टीबीपी-टीएफबीला बसू देत नाही. आर्किओग्लोबसमधले एमडीआर-1 त्या दोघांना खुशाल बसू देते, पण धातूचे आयन मिळाले की पॉलिमरेजची वाट अडवते. समुद्रतळाच्या उष्ण विवरांतल्या मेथॅनोकॅल्डोकॉकस जॅनाशीमधले पीटीआर-2 नेमके उलटे: ते टाटा पेटीच्या मागे बसून टीबीपीला ओढून आणते. हे प्रथिन जिवाणूंतल्या एलआरपी कुळातले, आणि टीबीपी तर जिवाणूंकडे नाहीच. म्हणजे ही भेट ई. कोलायमध्ये घडत नाही, यीस्टमध्येही नाही. ती तिथे बसून समजावून सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. 1977 मध्ये आर्किया जिवाणूंपासून वेगळे काढले गेले, तेव्हाही ‘विचित्र जिवाणू, दुसरे काय’ म्हणून नाक मुरडणारे होतेच.

बाकीच्या आक्षेपांना एकेक ओळ पुरे. घटक मोजके, तेव्हा नियमन बाळबोध? हॅलोबॅक्टेरियमच्या एका वाणात टीबीपीची 6 आणि टीएफबीची 7 जनुके आहेत. डीएनए गुंडाळणारे हिस्टोन आहेत म्हणजे सारे केंद्रकी पेशींसारखेच? आर्कियातल्या बहुतेक हिस्टोनांना शेपट्याच नाहीत. फक्त उकळत्या झऱ्यांतले जीव? 2020 मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले ते हॅलोआर्किया या मीठप्रेमी आर्कियांमुळे.

मंडन थोडक्यात असे. टीबीपी, टीएफबी आणि पॉलिमरेज एवढ्या शुद्ध घटकांवर परीक्षानळीत प्रतिलेखन सुरू होते. डीएनएचे पदर उलगडायला एटीपीही खर्चावे लागत नाही. त्यामुळे नियंत्रक नेमक्या कोणत्या पायरीवर हात घालतो, ते थेट तपासता येते. असे बारकाईने तपासलेले नियंत्रक अजून मूठभर प्रजातींतलेच आहेत.