कुत्र्यासोबत फिरा, पण बूट घालून
मधुमेहींना मी गोळ्यांइतक्याच आग्रहाने सांगतो, आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला. घरी कुत्रा असेल तर उत्तम, तो दांडी मारू देत नाही! आमच्या कोकणात राईतून, शेताच्या बांधावरून नदीकाठी उतरून दुसऱ्या वाटेने घरी येण्याचा फेरा मलाही आवडतो.

पावसाळ्यात मात्र नदीकाठचा चिखल आणि भातखाचरं टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्याही लघवीतले लेप्टोचे जंतू तिथून पायाच्या भेगेतून शरीरात शिरतात. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील तर जखम कळतही नाही. म्हणून चप्पल नको, बूट. कुत्र्याला रेबीजसोबत लेप्टोचीही लस द्या. ताप येऊन पोटऱ्या दुखल्या तर अंगावर काढू नका, आणि डॉक्टरांना हा फेरा आठवणीने सांगा. रुग्ण नेमकं तेच सांगायचं विसरतात.