संगणकाने काढलेले चित्र कोणाचे?



चित्रकला आणि गणित या दोन विषयांचे आपल्या शाळांतून फारसे सख्य दिसत नाही. ज्याला रंगांची ओढ आहे त्याने आकड्यांना भ्यावे आणि ज्याला आकडे वश आहेत त्याने कुंचल्याच्या वाटेस जाऊ नये, असा जणू संकेतच पडून गेला आहे. संगणकाच्या साहाय्याने काढावयाची फ्रॅक्टल चित्रे हा या दोघांची गाठ घालून देणारा एक नवा छंद होय. आपल्या शाळेतील काही विद्यार्थी अलीकडे या छंदाकडे वळू लागले आहेत. त्याविषयी पालकांकडून एक शंका नेहमी ऐकू येते : ‘चित्र संगणकाने काढले, मग आमच्या मुलाने केले काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्यास उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही. माझे मत थोडक्यात सांगावयाचे तर असे की, ज्याने चित्रामागचा नियम समजून घेतला, निवडला आणि ज्याला त्या चित्राचा हिशेब देता येतो, त्याचे ते चित्र. ज्याने केवळ बटन दाबले त्याचे ते नव्हे.

प्रथम फ्रॅक्टल म्हणजे काय हे पाहू. एखाद्या आकृतीचा लहानसा भाग घेऊन तो मोठा करून पाहावा आणि तो पुन्हा मूळ आकृतीसारखाच दिसावा, अशा आकृतीस फ्रॅक्टल म्हणतात. माझे घर कोंकणी बोलणारे. आमच्याकडे पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या गडग्यांवर नेचे उगवतात. नेच्याचे एक पान हाती घ्यावे, तर त्याची प्रत्येक उपपर्णिका ही त्या पानाचीच छोटी प्रतिमा असते, आणि त्या उपपर्णिकेचे लहान दातेही पुन्हा तसेच. ज्या वडावरून आपल्या बडोद्याला नाव मिळाले असे म्हणतात, त्या वडाची फांदी पाहा. तीही एका लहान वृक्षासारखीच दिसते. निसर्गात हे साम्य दोनचार पायऱ्यांपर्यंत चालते. गणितात ते कोठेच थांबत नाही.

‘फ्रॅक्टल’ हा शब्द १९७५ साली बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने ‘भंगलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडविला. मँडेलब्रॉट यांचा जन्म १९२४ साली वॉर्सा येथे झाला आणि पुढे अमेरिकेत आयबीएम या संगणककंपनीत त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, असा साधा दिसणारा प्रश्न त्यांनी १९६७ साली एका लेखात विचारला होता. मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितक्या अधिक खाड्या आणि वळणे मोजणीत येतात, आणि लांबी वाढत जाते, हे त्यांनी दाखविले. याचा पडताळा आपल्या देशातही नुकताच आला. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, असे आपण वर्षानुवर्षे पाठ करीत आलो. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तो ११,०९८ किलोमीटर झाला. एकट्या गुजरातचा १,२१४ वरून २,३४० वर गेला. समुद्राने काही नवी भूमी आपल्याला बहाल केली नाही. मुख्यतः मोजणी अधिक बारीक झाली. वेड्यावाकड्या रेघेतही असा नियम दडलेला असतो, आणि त्या नियमापासून चित्र निर्माण करणे हाच या कलेचा गाभा आहे.

ज्यास ही कला शिकावयाची आहे त्याने आरंभ संगणकापासून करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आरंभ कागदापासून करावा. नऊ सेंटिमीटर बाजूचा एक समभुज त्रिकोण काढा. प्रत्येक बाजूचे तीन समान भाग करा. मधला भाग पुसून त्याच्या जागी बाहेरच्या अंगास एका लहान समभुज त्रिकोणाच्या दोन बाजू उभारा. आता तुमच्या आकृतीस १२ रेघा झाल्या, प्रत्येक तीन सेंटिमीटरची. हीच क्रिया त्या प्रत्येक रेघेवर पुन्हा करा. ४८ रेघा होतील, प्रत्येक एक सेंटिमीटरची. तिसऱ्या खेपेस १९२ रेघा होतात आणि तेथे पेन्सिलीचे टोक हार खाते. आकृतीची परिमिती मात्र पाहण्याजोगी आहे : आरंभी २७ सेंटिमीटर, मग ३६, मग ४८, मग ६४. ती अशीच अमर्याद वाढत राहणार. परंतु आकृतीचे क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या १.६ पटीपलीकडे कधीही जाणार नाही. सीमा अनंत आणि आतली भूमी मर्यादित, हे आश्चर्य स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉख यांच्या १९०४ सालच्या लेखातील वक्ररेषेतून निघते. ज्याने ते स्वतःच्या हाताने रेखाटले आहे त्यास ते निराळे समजावून द्यावे लागत नाही.

आमच्यासारख्या भाषाविषयाच्या माणसांस याहूनही जवळची एक वाट आहे, आणि ती छंदःशास्त्रातून जाते. चार अक्षरांच्या चरणात लघू आणि गुरू यांची मांडणी १६ प्रकारांनी होऊ शकते. त्यांत एकही गुरू नसलेला प्रकार १, एक गुरू असलेले ४, दोन असलेले ६, तीन असलेले ४ आणि चारही गुरू असलेला १. ही संख्यांची उतरंड म्हणजे मेरुप्रस्तार. पिंगलाच्या छंदःसूत्रावरील आपल्या टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात तिचे विवरण केले; युरोपात तिला पुढे सतराव्या शतकातील पास्काल या गणितज्ञाचे नाव मिळाले. आता चौकटीच्या कागदावर या मेरूच्या पहिल्या आठ ओळी लिहा. एकूण संख्या ३६ भरतील. त्यांपैकी विषम संख्यांच्या चौकटी रंगवा आणि सम संख्यांच्या कोऱ्या ठेवा. रंगविलेल्या चौकटी २७ होतील, आणि त्रिकोणात त्रिकोण अशी एक नक्षी कागदावर उमटेल. पोलंडच्या सिअरपिन्स्की यांनी १९१५ साली वर्णिलेला फ्रॅक्टल तो हाच. सोळा ओळी लिहाल तर तीच नक्षी अधिक बारीक होऊन पुन्हा दिसेल. ज्या विद्यार्थ्याला गणित आपले नव्हे असे वाटते, त्याने हा प्रयोग अवश्य करावा. वृत्ते शिकता शिकता तो गणिताच्या ओसरीवर येऊन बसलेला असतो. त्याची त्याला वार्ता नसते एवढेच.

आपल्या घरच्या स्त्रियांना तर नियमातून चित्र काढण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. ठिपक्यांची रांगोळी ही ठिपक्यांच्या संख्येने आणि रेघ वळविण्याच्या रीतीने बांधलेली असते. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तामिळ कोलमच्या अशाच नियमांचे संगणकशास्त्राच्या भाषेत व्याकरण मांडले. आजीच्या अंगणातील विद्या विद्वानांस अभ्यसनीय वाटली, हे आपण ध्यानात ठेवावे.

हात असा तयार झाला की मग संगणकापुढे बसावे. याकरिता मोठ्या खर्चाचे कारण नाही. स्क्रॅच किंवा पायथन ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात, आणि दोहोंतही पडद्यावर रेघ ओढीत चालणाऱ्या एका आकृतीस आज्ञा देता येतात. कॉखच्या रेघेची आज्ञा सात शब्दसमूहांत संपते : पुढे जा, डावीकडे ६० अंश वळ, पुढे जा, उजवीकडे १२० अंश वळ, पुढे जा, डावीकडे ६० अंश वळ, पुढे जा. यातील प्रत्येक ‘पुढे जा’ या जागी हीच सारी आज्ञा पुन्हा घालावयाची, आणि कितव्या पायरीस थांबावयाचे ते सांगून ठेवावयाचे. थांबण्याची अट घालण्यास विसरलात तर काम कधी पुरेच होत नाही. सहाव्या पायरीस १२,२८८ रेघा होतात आणि यंत्र त्या न कुरकुरता काढते. आता ६० आणि १२० यांच्या जागी ८० आणि १६० घालून पाहा. हिमकणाचे रूप जाऊन साळिंदराच्या काट्यांसारखी आकृती तयार होईल. असा बदल ज्याने स्वतः करून पाहिला, त्याच्या ठायी चित्रकार आणि गणिती हे दोघेही जागे झाले असे समजावे.

तयार फ्रॅक्टल दाखविणारी सॉफ्टवेअरे यानंतर हाती घ्यावीत, आधी नव्हे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध आकृती मँडेलब्रॉट यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचा नियम दोन ओळींचा आहे : शून्यापासून निघा, हाती असलेल्या संख्येचा वर्ग करा आणि त्यात एक ठरावीक संख्या मिळवा, आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. ती ठरावीक संख्या १ घेतली तर १, २, ५, २६ अशी उत्तरे भरधाव पळत सुटतात. उणे १ घेतली तर उणे १ आणि ० यांच्यातच ती येरझारा घालीत राहतात. संगणक पडद्यावरील प्रत्येक बिंदूकरिता अशीच परीक्षा घेतो (तेथे संख्या मात्र दोन घटकांच्या, म्हणजे संमिश्र असतात). न पळणारे बिंदू बहुधा काळे ठेवितात, आणि पळणाऱ्यांस ते किती लवकर पळाले त्यावरून रंग देतात. कोणत्या गतीस कोणता रंग, हे गणित ठरवीत नाही. ते चित्र काढणाराच ठरवितो. कोणत्या कोपऱ्यात शिरावे, किती मोठे करून पाहावे, चौकट कोठे धरावी, हेही त्यालाच ठरवावे लागते. येथेच रसिकतेचा कस लागतो.

या छंदाचे गोडवे गाताना त्याची उणी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. भडक रंगांची, एकमेकांसारखी दिसणारी हजारो फ्रॅक्टल चित्रे आज सर्वत्र आढळतात, आणि त्यांतील बहुतेक क्षणभर डोळे दिपवून विस्मरणात जातात. गुंतागुंत म्हणजे सौंदर्य नव्हे. यंत्र गुंतागुंत फुकट पुरविते, म्हणूनच नवशिक्याने हात आखडता घ्यावा. दोनच रंग वापरावेत, पायऱ्या थोड्या ठेवाव्यात, आणि दहा चित्रे काढून नऊ टाकून द्यावीत.

राहिला यंत्राचा आक्षेप. यंत्र मध्ये आले म्हणून कला बाद होते, हे आपण बडोदेकरांनी तरी म्हणू नये. महाराज सयाजीरावांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापन केले. कला आणि यंत्रविद्या यांनी एका छपराखाली नांदावे ही त्यामागील दृष्टी होती. त्याच कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचेही धडे घेतले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवला. चित्रपट कॅमेऱ्याने घेतला. तरी तो कॅमेऱ्याचा आहे असे कोणी म्हणत नाही, कारण काय दाखवावे आणि काय गाळावे हे फाळक्यांनी ठरविले होते.

आज मात्र या प्रश्नास एक नवी धार आली आहे. हल्ली एखादे वाक्य लिहून दिले की कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र क्षणार्धात पूर्ण चित्र हाती ठेवते. ते सुबकही असते. परंतु तेथे ही रेघ अशीच का वळली, हा रंग येथेच का आला, असे मुलास विचारले तर त्याच्यापाशी उत्तर नसते. फ्रॅक्टल काढणाऱ्या मुलास हे विचारून पाहा. ज्याने नियम स्वतः लिहिला आहे तो प्रत्येक बिंदूचे कारण सांगू शकेल. दोन्ही चित्रे पडद्यावर सारखीच झगमगतील. शिक्षणाच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

याकरिता माझी एक सूचना आहे. पुढील स्नेहसंमेलनाच्या चित्रप्रदर्शनात संगणकावर काढलेल्या चित्रांस अवश्य स्थान द्यावे. परंतु प्रत्येक चित्राशेजारी त्याचा नियम विद्यार्थ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात, शुद्ध मराठीत लिहून लावावा, आणि त्याखाली त्या चित्राच्या पहिल्या दोन पायऱ्या पेन्सिलीने काढून दाखवाव्यात. परीक्षकांनी बक्षीस देताना कागद आणि पडदा दोन्ही पाहावेत. पालकांनीही त्या दिवशी केवळ ‘छान आहे’ म्हणून पुढे जाऊ नये. मुलास तेथेच उभे करून ‘हे कसे झाले, सांग पाहू’ असे विचारावे. त्याचे उत्तर ऐकल्यावर चित्र कोणाचे, ही शंका उरणार नाही.