महागाईचा दर उतरला, भाव का उतरले नाहीत?

ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यांवर आला आणि सत्ताधारी गोटात समाधानाचे सूर उमटले. परंतु कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोणम येथे समईचे पितळ घासणारा कारागीर असो वा भातलावणीला जाणारी शेतमजूर स्त्री, त्यांच्या घरखर्चाचा बोजा काही हलका झाला नाही. हे कसे?

समजा, एका कारागिराची रोजची मजुरी 600 रुपये आहे आणि त्याच्या घरचा ठराविक जिन्नस 100 रुपयांना येतो. पहिल्या वर्षी महागाई 6 टक्के झाली. जिन्नस 106 रुपयांचा झाला. दुसऱ्या वर्षी दर 2 टक्क्यांवर ‘उतरला’. जिन्नस 108 रुपयांच्या वर गेला. उतरला तो वाढीचा वेग. भाव चढतच राहिला. मजुरी मात्र 600 वरच राहिली, तर तिच्यात आता पूर्वीच्या 555 रुपयांचाच माल येतो. म्हणजे मालकाने एक पैसाही न कापता रोजची 45 रुपयांची मजुरीकपात झाली. नाममात्र वेतन आणि वास्तव वेतन यांतील हा फरक ज्याला उमगला, त्याला महागाईचे मर्म उमगले.

भांडवलदारी अर्थपंडित सांगतात की मजुरी वाढते म्हणून भाव वाढतात. कुंभकोणमची कॉफीच पाहा. फेब्रुवारी 2025 मध्ये जागतिक बाजारात अरेबिका कॉफीच्या भावाने उच्चांक गाठला. त्यामागे ब्राझीलमधील अवर्षण होते आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातील खरेदीविक्री होती. हॉटेलात पेले विसळणाऱ्या पोऱ्याची मजुरी त्यात कोठे होती?

इतिहासाची साक्षही हीच आहे. 1972 चा दुष्काळ, साठेबाजी आणि 1973 ची तेल दरवाढ यांमुळे देशात भाव भडकले. सरकारने मात्र जुलै 1974 मध्ये वटहुकूम काढून कामगार-कर्मचाऱ्यांची वेतनवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीच्या ठेवीत अडकवली. रोग बाजाराला आणि कडू औषध कामगाराला!

याच तंजावर मुलखातील शेतमजुरांनी हा हिशेब प्राणांचे मोल देऊन शिकवला आहे. मजुरी भाताच्या मापात मिळत असे. त्या मापात वाढ मागणे आणि लाल बावटा खाली न ठेवणे एवढाच त्यांचा गुन्हा. 25 डिसेंबर 1968 रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी येथे जमीनदारांच्या गुंडांनी 44 दलित स्त्री-पुरुष व मुलांना झोपडीत कोंडून जिवंत जाळले. मजुरीचे माप हा वर्गसंघर्षाचाच प्रश्न आहे, हे त्या ज्वाळांनी सिद्ध केले.

ऑक्टोबर 2025 मध्ये दर खाली आला तो मुख्यतः भाजीपाला व डाळींच्या भावांमुळे; अन्नधान्याचा निर्देशांक वर्षभरापूर्वीच्या तुलनेत 5 टक्क्यांनी घसरला होता. ज्या शेतकऱ्याचा माल मातीमोल विकला गेला, त्याच्या पदरी कोणते समाधान पडले? भाव चढला की मजूर मरतो आणि पडला की शेतकरी. मधला व्यापारी दोन्ही वेळी तरतो.

रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. त्याने कर्ज महागले. परंतु व्याजदराने शेतात भाताची एक लोंबीही जास्त येत नाही. खरा उपाय तमिळनाडूतच दिसतो. 1997 मध्ये केंद्राने दारिद्र्यरेषेच्या वर-खाली अशी शिधापत्रिकांची फाळणी केली; तमिळनाडूने ती नाकारून सार्वत्रिक रेशन टिकवले. बाजारभाव कितीही चढला तरी घरात तांदूळ पोहोचतो.

म्हणूनच मागण्या स्पष्ट आहेत: सार्वत्रिक रेशन, महागाई निर्देशांकाशी जोडलेले किमान वेतन, शेतमालाला हमीभाव आणि अन्नधान्याच्या सट्टेबाजीवर बंदी. महागाई हा आकाशातून कोसळणारा कोप नव्हे; ती श्रमिकाच्या खिशातून नफेखोराच्या तिजोरीत वाहणारी गळती आहे. ती बुजवण्याचे काम संघटित श्रमिकांनाच करावे लागेल.