कण्याचा बाक आणि वाढीचे वय

पहिली शंका बहुधा शिंप्याच्या दुकानात येते. मुलगी बारा-तेरा वर्षांची असते. सणासाठी शिवलेला कुडता एका बाजूने वर राहतो, गळा एका खांद्यावरून घसरतो. माप चुकले म्हणून शिंप्याला बोल लावले जातात, दुरुस्ती होते आणि विषय तेथेच संपतो. माप मात्र बरोबर असते. बदललेला असतो तो मुलीच्या पाठीचा कणा.

निरोगी कणा मागून पाहिला असता सरळ दिसतो. बाजूने पाहिल्यास मान व कंबर येथे आत आणि पाठीत बाहेर, असे त्याला सौम्य बाक असतात, ते नैसर्गिकच. पाठीचा बाक प्रमाणाबाहेर वाढला की पोक येते. उतारवयात हाडे ठिसूळ होऊन मणके दबल्याने आजीबाई वाकतात, ते याच प्रकारचे. कणा डाव्या वा उजव्या अंगास झुकून मणके स्वतःभोवती पिळले गेले, तर त्यास स्कोलिओसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रावर हा कोन मोजण्याची रीत अमेरिकन अस्थितज्ज्ञ जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. दहा अंश वा त्याहून अधिक बाक असेल तरच हे नाव लागते.

किशोरवयातील बहुतेक रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. दप्तराचे ओझे, वाकडे बसणे किंवा आईने लहानपणी कसे निजवले, यांपैकी कशानेही हा विकार होत नाही. तेव्हा घरातील सुनेला दोष देण्याचे कारण उरत नाही. मुलींमध्ये बाक वाढत जाण्याचा संभव मुलांपेक्षा बराच अधिक असतो.

दुखत मात्र बहुधा काही नाही, आणि येथेच घात होतो. पुढे स्थळे पाहताना बोभाटा नको, या विचाराने गोष्ट झाकली जाते. गुपचूप मालीश सुरू होते. हिशेबात शंभर रुपयांची तूट दिसली तर रात्री वही मिटू न देणारी माणसे येथे दोन-दोन वर्षे थांबतात. मालिशीने बाक सरळ होत नाही आणि नेमक्या त्याच काळात मुलीची उंची झपाट्याने वाढते. उंचीबरोबर बाकही वाढू शकतो.

बाक साधारण पंचवीस ते चाळीस अंशांचा आणि वाढ शिल्लक असेल, तर ब्रेस उपयोगी पडतो. अमेरिका व कॅनडातील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेस लावलेल्या सुमारे ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. ब्रेस नसलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. तो जितके अधिक तास अंगावर, तितका लाभ अधिक. वाढ थांबल्यावर मात्र त्याचा हा उपयोग राहत नाही. बाक पन्नास अंशांपुढे गेला तर सळ्या व स्क्रू बसवून मणके सांधण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते, आणि सांधलेला भाग पुन्हा वाकत नाही. ज्या लग्नाच्या चिंतेने गोष्ट झाकली, त्याविषयी इतकेच की स्कोलिओसिस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांचा संसार व बाळंतपण सुरळीत होते.

तपासणी घरी अर्ध्या मिनिटात होते. मुलीने पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून पुढे वाकावे. आईने मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर त्याच आठवड्यात अस्थितज्ज्ञांकडे जावे आणि दोन प्रश्न विचारावेत: कोन किती, आणि वाढ किती उरली आहे?