विश्लेषण : शाळेत ‘माइंडफुलनेस’चा तास ठेवला की मुलांचं मन सावरतं का?

‘डोळे मिटा. पाठ ताठ ठेवा. फक्त श्वासाकडे लक्ष द्या.’ परिपाठानंतर किंवा पहिल्या तासाला अशी सूचना आता अनेक शाळांमध्ये ऐकू येते. कुठे तिला ध्यान म्हणतात, कुठे आनापान, तर कुठे थेट माइंडफुलनेस. परीक्षेचा ताण, मोबाइल, घरातल्या अपेक्षा यांनी वेढलेल्या मुलांना याने आधार मिळेल, अशी शाळांची आणि पालकांची अपेक्षा असते.

पण खरंच तसा आधार मिळतो का? या प्रश्नावर ब्रिटनमध्ये हजारो मुलांचा अभ्यास झाला. त्याचं उत्तर अनेकांना अपेक्षित नव्हतं.

हे शाळेपर्यंत आलं कसं?

माइंडफुलनेस म्हणजे सजगता. मनात येणारे विचार आणि शरीरातल्या संवेदना यांच्याकडे, चांगलं-वाईट न ठरवता, लक्ष देणं. याची मुळं बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत. १९७९मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याने त्रस्त रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे नैराश्य पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रौढांसाठी त्यावर आधारित उपचारपद्धती तयार झाली आणि ती उपयोगी असल्याचं दिसलं.

प्रौढांना उपयोग होतो, तर मुलांना लहानपणीच का शिकवू नये? या विचारातून माइंडफुलनेस शाळांमध्ये पोहोचलं. भारतात दिल्ली सरकारने जुलै २०१८मध्ये ‘हॅपिनेस करिक्युलम’ सुरू केला. दलाई लामा यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि नर्सरी ते आठवीच्या मुलांसाठी त्यात सजगतेचा सराव होता. महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभाग आणि इगतपुरीचा विपश्यना विशोधन विन्यास यांच्या ‘मित्र उपक्रमा’तून मुलांना आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव, शिकवला जातो.

ब्रिटनमध्ये काय तपासलं गेलं?

ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मिरियाड’ नावाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. वेलकम ट्रस्टने त्याला निधी दिला. त्यातल्या मुख्य चाचणीत ८४ शाळा आणि ११ ते १३ वयोगटातली ८,३७६ मुलं होती. कोणत्या शाळेत माइंडफुलनेस शिकवायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं. ४३ शाळांमध्ये दहा तासिकांचा माइंडफुलनेस अभ्यासक्रम शिकवला गेला. उरलेल्या ४१ शाळांमध्ये भावनिक आणि सामाजिक कौशल्यांचं नेहमीचं शिक्षण सुरू राहिलं.

शिकवणारे त्याच शाळांमधले शिक्षक होते. त्यांनी आधी स्वतः माइंडफुलनेस शिकून घेतलं, मग ते वर्गात कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण घेतलं. म्हणजे तयारी कमी होती, असं म्हणायला फारशी जागा नव्हती.

निकाल काय लागला?

जुलै २०२२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्याचा धोका, भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी, एकूण स्वास्थ्य या तिन्ही मुख्य बाबतींत दोन्ही गटांमध्ये वर्षभरानंतर अर्थपूर्ण फरक आढळला नाही. माइंडफुलनेस शिकलेली मुलं न शिकलेल्या मुलांपेक्षा सुस्थितीत नव्हती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्या मुलांना आधीपासूनच मानसिक त्रासाचा धोका जास्त होता, त्यांची स्थिती काही मोजमापांवर किंचित खालावलेली दिसली. परिणाम लहान होता. पण ज्या मुलांसाठी हा खटाटोप, नेमका त्यांनाच फायदा होऊ नये, ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

शिक्षकांच्या बाबतीत चित्र वेगळं होतं. त्यांचा थकवा आणि कामाचा उबग काही काळ कमी झाला. शाळेतल्या वातावरणाबद्दलचं मतही सुधारलं. मोठ्यांना उपयोग झाला, मुलांना नाही, असा हा निकाल होता.

असं का झालं असेल?

पहिलं कारण साधं आहे. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. प्रौढ माणूस त्रास होतो म्हणून स्वतःहून ध्यानाच्या वर्गाला जातो. सातवीतल्या मुलाला मात्र तो तास वेळापत्रकात आला म्हणून बसावं लागतं. डोळे मिटलेल्या तीस मुलांपैकी किती जण श्वासाकडे लक्ष देतायत आणि किती जण घंटेची वाट पाहतायत, हे बाहेरून कळत नाही.

दुसरं कारण वयाशी जोडलेलं आहे. आपल्याच विचारांकडे अलिप्तपणे पाहणं ही अवघड गोष्ट आहे आणि बारा-तेराव्या वर्षी मेंदूची ही क्षमता अजून घडत असते. ज्या मुलाच्या मनात आधीच भीती किंवा अपमानाची आठवण घोळतेय, त्याला ‘मनात काय चाललंय ते बघ’ असं सांगितलं, तर ते तिथेच अडकून पडू शकतं. आणि त्या क्षणी त्याच्याशी बोलायला वर्गात कुणी मोकळं नसतं.

मानसशास्त्रज्ञ ल्युसी फॉक्स आणि जॅक अँड्र्यूज यांनी २०२३मध्ये एक शक्यता मांडली. मानसिक आरोग्याविषयी सतत बोलल्यामुळे काही तरुण साध्या, येऊन जाणाऱ्या त्रासालाही आजाराचं नाव देऊ लागतात आणि त्यातून त्रास वाढतो, असं त्यांचं म्हणणं आहे. ही अजून सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण सरसकट सगळ्या मुलांना एकच डोस देताना सावध राहायला हवं, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग ध्यान निरुपयोगी आहे का?

नाही. हा निकाल एका वयोगटापुरता, एका अभ्यासक्रमापुरता आणि ‘सगळ्या वर्गाला सक्तीने’ या पद्धतीपुरता आहे. ज्याला आवडतं, त्याने ध्यान करण्यात काहीच गैर नाही. पाच मिनिटं शांत बसल्याने गोंगाटी वर्ग स्थिरावतो, हा अनेक शिक्षकांचा अनुभवही खोटा नाही.

मात्र वर्ग शांत होणं आणि मुलाचं नैराश्य टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा दाखवून दुसरीचा दावा करता येत नाही.

बिहारमधल्या शाळांनी काय दाखवलं?

मुलांसाठी शाळेत काय उपयोगी पडतं, याचं एक उत्तर भारतातच मिळालं आहे. गोव्यात १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहेर’ हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ७४ सरकारी माध्यमिक शाळांचे तीन गट केले गेले. एका गटात प्रशिक्षण दिलेली बाहेरची व्यक्ती समुपदेशक म्हणून शाळेत नेमली. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडे दिलं. तिसऱ्या गटात नेहमीचा जीवनकौशल्यांचा कार्यक्रम चालू ठेवला.

ही नेमलेली व्यक्ती डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हती. परिपाठात विषय मांडणं, भित्तिपत्रक चालवणं, मुलांना नाव न लिहिता तक्रार टाकता येईल अशी पेटी ठेवणं आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलणं, ही तिची कामं होती.

निकाल स्पष्ट होता. नेमलेली व्यक्ती असलेल्या शाळांमधलं वातावरण सुधारलं, मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली, दादागिरी आणि हिंसा घटली. तेच काम शिक्षकांकडे दिलेल्या शाळांमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही. शिक्षकाकडे आधीच अभ्यासक्रम, तपासणी आणि इतर सरकारी कामं असतात. शिवाय जो गुण देतो आणि प्रसंगी ओरडतो, त्याच्याकडे मन मोकळं करणं मुलांना जड जातं.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की मुद्दा लक्षात येतो. ब्रिटनमध्ये मुलाला स्वतःचं मन सांभाळायला शिकवलं गेलं. बिहारमध्ये मुलाच्या आजूबाजूची शाळा बदलली गेली आणि ऐकून घेणारं एक माणूस तिथे ठेवलं गेलं.

हा प्रश्न आत्ता महत्त्वाचा का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात होत्या. प्रत्येक आत्महत्येमागे अनेक कारणं असतात, ती एका ताणावर ढकलता येत नाहीत. पण हा आकडा पाहता शाळेने काहीतरी केल्याचं समाधान पुरेसं नाही.

२५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत शाळा, महाविद्यालयं आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यानुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत.

धोका इथेच आहे. समुपदेशक नेमायला पगार लागतो, खोली लागते, वेळापत्रकात जागा लागते. ध्यानाच्या तासाला यातलं जवळपास काहीच लागत नाही आणि त्याचा फोटोही छान येतो. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं दाखवून मोकळं होण्याचा मोह शाळांना होऊ शकतो.

पालकांनी शाळेला काय विचारावं?

पालकसभेत चार प्रश्न पुरेसे आहेत. समुपदेशक आहे का आणि आठवड्यातले किती दिवस असतो? मूल शिक्षकाची परवानगी न मागता त्याच्याकडे जाऊ शकतं का? दादागिरीची तक्रार नाव न सांगता करता येते का आणि तिचं पुढे काय होतं? ध्यानाच्या तासाला एखाद्या मुलाला अस्वस्थ वाटलं, तर त्याला उठून जायची मुभा आहे का?

यांची उत्तरं मिळाली, तर सकाळची ती पाच मिनिटं खुशाल चालू द्यावीत. मिळाली नाहीत, तर डोळे मिटून बसलेल्या मुलांपैकी कुणाच्या डोळ्यांत पाणी आहे, हे त्या शाळेला कळण्याची सोयच नाही.

*तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाला मानसिक त्रास होत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास बोलता येतं. मराठीतूनही मदत मिळते.*